आकार शून्य

क्लाक्सविकच्या मासळी कारखान्यात पहाटेचे पावणेतीन.
तराजूचा प्रोग्राम बोआरुरने लिहिलेला,
लेबलांचा मी.
दोन्ही सी-मधले, दोन्ही चालू,
आणि दोन्हीकडे अळीमिळी गुपचिळी.

चूक असती तर ओरडली असती.
ओपन म्हटलं की थांबायचं,
पलीकडचं टोक कोणी उघडेपर्यंत, हाच नियम.
लिहिणारा वाचणाऱ्यासाठी ताटकळत,
वाचणारा लिहिणाऱ्यासाठी.
प्रोसेसरवर भार नाही, पडद्यावर तक्रार नाही,
फक्त पट्ट्यावर साचत चाललेले कॉड
आणि दर पाच मिनिटांनी दारात विगो फोरमन,
रबरी बुटांतून ठिपकत.

बोआरुर कॉफी ओततो. बोलत नाही.
तेवीस वर्षं ट्रॉलरवर काढलेला माणूस,
शब्द वादळासाठी राखून ठेवतो.
मी त्याचा कोड वाचते, तो माझा,
आणि शेवटी त्याचं जाड बोट
नळीच्या नावावर येऊन थांबतं.

रो, म्हणजे रांग.
त्याच्या तोंडून ऐकलं तसं मी लिहिलं, दोन अक्षरांत.
त्याने लिहिलं तीन अक्षरांत.
शेवटचं, दांडीवर काट मारलेलं डी,
इथे लिहायचं असतं, म्हणायचं नसतं.
एकाच फोल्डरात शेजारी शेजारी दोन नळ्या:
एकीला नुसतं तोंड,
दुसरीला नुसता कान.

"माझ्या नावातही आहे ते," तो म्हणाला.
"आईने कधी उच्चारलं नाही.
पाकिटावर मात्र लिहायची."
आमच्या इलोइलोत लिहिलं तेवढं बोलतात,
एक अक्षर वाया जात नाही.
हे मी त्याला सांगितलं नाही. अक्षर घातलं,
कंपाइल केलं.

दोन्ही ओपन एकाच श्वासात परतले.
चार किलो एकशे वीस.
तीन किलो नऊशे.
पाच किलो, आणि विगोची शिट्टी.

सकाळपर्यंत अकरा टन वजन त्या नळीतून गेलं.
मी यादी काढून पाहिली:
सुरुवातीला पी, मग परवानग्या, मग आकार. शून्य.
आलं तसं गेलं, पहिलं ते पहिलं,
आणि वाचलेलं परत मागायची सोय नाही.

तराजू आधी बंद झाला तर मला कळतं,
रीड शून्य आणून देतं हातात: पलीकडे आता कोणी नाही.
मी आधी बंद झाले
तर त्याच्या प्रोग्रामला पुढच्या लिहिण्यावर सिग्नल बसतो,
आणि तो जागच्या जागी मरतो.
म्हणजे मेला असता. बोआरुरने
तो सिग्नल कानाआड करायची ओळ आधीच लिहून ठेवलेली.
का, विचारलं.
"कोण आधी जाईल, सांगता येतं?"
आणि कप विसळायला गेला.

माझी दोन अक्षरी नळी अजून तिथेच आहे,
कोणी पुसली नाही.
आणि लेबलाच्या कोपऱ्यात त्याचं नाव छापतं,
त्या मुक्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह.
ते उद्या बघू.