अर्थिंग

ओबेद पारधे गिटार घेऊन आला तेव्हा
मी एका मिक्सरचं पोट उघडून बसले होते.
शरणपूरहून सातपूर, सिटीलिंकच्या गर्दीत
मांडीवर उभी धरून आणलेली.
म्हणाला, मावशी, आवाज गोधडीखालून येतो.
आणि गुणगुणते सारखी, तारांवर हात ठेवला तरी.

गिटार मी कधी उघडली नव्हती.
पण स्क्रू म्हणजे स्क्रू.
पांढरं झाकण उचललं तर आत
तीन बटणांच्या बुडाशी तारांचा गुंता,
कुणाच्या तरी घाईचं सोल्डर, राखाडी, भुसभुशीत,
आणि एक चपटा कपॅसिटर, मेणात बुडवलेला.

रात्री कॅलेंडरच्या पाठीवर काढून बघितलं
तेव्हा कळलं,
टोनचं बटण काही देत नाही.
ते वाट उघडतं फक्त.
सुरातलं जे वरचं, चरचरीत, काचेसारखं,
ते कपॅसिटरमधून उतरतं
आणि अर्थिंगला मिळतं.
मागे राहतं त्याला लोक गोड म्हणतात.

मला हे आधीच ठाऊक असायला हवं होतं.
एकोणीस वर्षं वाइंडिंगला होते,
भिंतीपलीकडे पॉवर प्रेस.
कानात घालायचे बोळे सुपरवायझर
सहीपुरते वाटायचा.
शेवटच्या तपासणीत डॉक्टरांनी आलेख दाखवला:
रेघ बराच वेळ सरळ,
मग पांडवलेणीच्या पायऱ्या उतरावी तशी खाली.
बोलणं ऐकू येईल, म्हणाले. चिमण्या नाही येणार.
तेव्हापासून मीटरची टुं मी ऐकत नाही,
आकडा बघते.

एम. जी. रोडवरून बारा रुपयांचा नवा आणला,
सत्तेचाळीस नॅनोच्या जागी बावीसचा.
कमी गळावं म्हणून.
बटणांची बुडं घासली, राळेचा धूर डोळ्यात गेला,
डाग पसरला आणि चकचकीत बसला.
ब्रिजखाली अर्थाची तार तुटली होती.
(कारखान्यात आम्ही असंच म्हणायचो, अर्थाची तार,
आणि कुणी हसायचं नाही.)
ती जोडली. आता तारांवर हात ठेवला
की गुणगुण थांबावी.

रविवारी चर्च सुटल्यावर आला,
पाठीला छोटा अँप्लिफायर.
हात ठेवला. थांबली.
मग एकच सूर छेडत, टोन सावकाश फिरवत गेला,
शून्य, दोन, चार,
मला तिथपर्यंत थोडं थोडं उघडल्यासारखं वाटलं,
पुढे सगळं सारखंच.
म्हणून मी त्याच्याकडे बघत राहिले.
सहापाशी भुवया वर गेल्या.
बाकाखाली झोपलेल्या कुत्रीचा एक कान उभा राहिला.
सात. ओबेदचं तोंड किंचित उघडं,
लहान पोराला कुणी खिडकीपाशी उचलून धरावं तसं.
नऊला कुत्री उठून बाहेर गेली.

कसं वाटतंय, मावशी?
मी म्हटलं, दोन घर मागे घे.
घेतलं. हसला. बरोबर, म्हणाला,
तुमचा कान भारी आहे.
मी त्या जागी नेलपॉलिशचा ठिपका दिला,
लाल, सुनेच्या बाटलीतला.

ऐंशी रुपये झाले. शंभराची नोट होती,
सुटे नव्हते त्याच्याकडे,
माझ्याकडेही.
पुढच्या वेळी, म्हटलं.

मग मिक्सरला पाते बसवून चालू केला.
तो मला सगळा ऐकू येतो.