चार बोटं

पूर्वेच्या भिंतीला लागून एक आडोसा काढायचा,
एवढंच ठरलं होतं.
खाली सरपण, वर रोपं.
मन्मथनं पाठकोऱ्या कागदावर तो काढलासुद्धा:
दहा फूट लांब, सहा फूट रुंद, उतार अंगणाकडं.

मामा बघत राहिले. मग म्हणाले,
भितीला टेकवायचं नाही.

पुनर्वसनातलं घर आमचं, औशाच्या अलीकडं.
मी लग्न होऊन आले तेव्हा ते वीस वर्षांचं होतं
आणि मामांनी त्यात एकही रात्र काढलेली नव्हती.
उन्हाळ्यात अंगण, थंडीत अंगण,
पावसात ट्रॉलीखाली.
कुणी विचारायचं नाही, असा नियम.
नव्या सुनेला तो कुणी सांगितला नाही.
बाजेच्या जागेवरून कळला.

म्हणून चार बोटं जागा सोडली.
खांब रोवताना मकबूल म्हणाला,
भाभी, ह्या फटीतून पाणी येणार.
आलंच.

दगड नको, वीट नको, पत्रा तर नकोच.
मग राहिलं काय?
बांबू. ठिबकच्या जुन्या नळ्या वाकवून केलेल्या कमानी.
वर ते जाड प्लास्टिक, ज्याला दुकानदार कागद म्हणतो,
आणि चैत्रात त्यावर हिरवी जाळी,
नाहीतर आत रोपं नाही, भाजी शिजते.

सरपणाला कोरडं लागतं, रोपाला ओल.
ह्या दोघांचं जमवणं म्हणजे
एका मोरीवर दोन जावा.
दक्षिणेच्या अंगाला बाभळीचे ओंडके रचले,
तेच उन्हाला आडवे.
खाली फुटक्या फरश्या, वाळवीसाठी.
तुराट्या वेगळ्या, उभ्या, दोरीनं आवळून.
मामा काठी घेऊन मापाला उभे:
छातीच्या वर थर नको.
मग, कमरेच्या वर नको.
गुडघ्यावरच आले असते,
पण तेवढ्यात चहा झाला.

पहिल्या महिन्यात तीन विंचू निघाले.
ढिगात शेवग्याचं एक लाकूड चुकून आलेलं,
जळायला नालायक, नुसतं धुपतं.
फटीतलं पाणी त्याच्यावरच पडायचं.
त्याला पालवी फुटली.
मन्मथ फोटो काढायला धावला.
मी पाला खुडून डाळीत टाकला.
बरा लागला.

एका ट्रेला एकशे चार खण.
मिरची, वांगी, थोडा झेंडू.
आठवड्याला लाकडाची एक ओळ बंबात जाते
आणि तिच्या जागी एक ट्रे सरकतो.
मार्गशीर्षापर्यंत रोपांनी निम्मी जागा खाल्ली होती.

त्याच महिन्यातली एक रात्र.
गारठा असा, की हापशाचा दांडा हाताला चिकटावा.
अंगणात बाज रिकामी.
मोबाईलच्या उजेडात मी गोठा पाहिला, ट्रॉली पाहिली,
नको तिथं, आडात डोकावून आले.

मामा आत होते.
ओंडक्यांना पाठ लावून, घोंगडी गळ्यापर्यंत,
पायाशी दोन पानांवर आलेली मिरची.
कागदाला आतून घाम,
त्यापलीकडं चांदण्या, पुसून घेतल्यासारख्या.

हे पडलं तर? मी विचारलं.
विचारायला नको होतं.
मामांनी वर पाहिलं, बांबू बघितला, गाठी बघितल्या,
कमानीला टांगलेल्या कुंड्या मोजल्यागत बघितल्या.
पडलं तर पडलं.
अंगावर कोथिंबीर पडंल.

मग म्हणाले, दार वढून घे. रोपं गारठतील.

ती ओळ मी अजून बंबात घातलेली नाही.
आंघोळीचं पाणी गॅसवर तापतं,
मन्मथ सिलिंडरचा हिशेब विचारतो,
मी ऐकू न आल्यासारखं करते.

आणि भिंतीलगतच्या फटीत
वरपासून खालपर्यंत कुणीतरी गोणपाट कोंबलंय,
ठासून, काठीच्या टोकानं.
मी नाही.
मन्मथला विचारलं, तोही नाही.