कडी

कलाभवनातून एक मुलगी आली,
पंचोली आडनावाची, हातात आवाज मोजायचं यंत्र.
म्हणाली, मावशी, घरातल्या शांततेवर तुम्ही
एक ते पाचमध्ये किती समाधानी?

मी तिला जमीन दाखवली.
टीपॉयच्या थोडं डावीकडे,
या फरशीच्या पोटात आहे
खालच्या जयवदनभाईंच्या झोपाळ्याची कडी.
त्यांचं छत तीच माझी जमीन,
मध्ये पाच इंचांचा स्लॅब
(कागदावर सहा).

दुपारी दोन ते चार
किर्र कच्च, किर्र कच्च.
मांजलपूरचं ऊनसुद्धा त्याच तालात सरकतं.
सोसायटीत अर्ज दिला. त्यांनी तेल घातलं
पितळी साखळ्यांना; आठवडाभर पुरलं.
मग एकदा मीच खाली गेले,
पदर खोचून, भांडणाची पहिली तीन वाक्यं पाठ करून.

त्यांनी झोपाळ्यावरच बसवलं,
खारी शिंगची वाटी सरकवली
आणि म्हणाले, बेन, एक विचारू?
रात्री तीनला तुम्ही का चालता?
चौदा पावलं जाता, चौदा येता,
मध्ये खिडकीशी थांबता.
साखळी थरथरते.
मी हात लावून मोजतो,
जागाच असतो ना.

पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना.
पायानं जमिनीला हलका रेटा दिला फक्त.
वर, कुलूप लावलेल्या माझ्या घरात
तेव्हा वाजलं असणार.

मुलगी पेन उघडून बसलेली.
तीन लिही, म्हटलं. नको, खोड.
घड्याळात दोनला पाच कमी.
यंत्र ठेव बाजूला,
चपला काढ,
आणि ये, इथे उभी राहा.