नागदेवी स्ट्रीट, दुपारी तीन

मोईझभाई म्हणाले, उचलून बघा.
नऊ किलो. धाकटा वर्षाचा झाला
तेव्हा एवढाच होता.

'बारा मिलिमीटर सहज कापतं.'
त्यातला 'सहज' मी वजा करते.
दहा धरते. आमच्या ग्रिलला सहा पुरे.

हवेचा पंप आतच असलेलं घेतलं
तर जिन्याला बरं. पण ते दमतं:
चार मिनिटं काम, सहा मिनिटं धापा.
दादांसारखं, शेवटी शेवटी.
दारूखान्यात गॅसवर जहाजं कापायचे ते,
पोलाद लाल होईस्तोवर
एका गुडघ्यावर.

मागच्या बोळात पत्र्याचा तुकडा दिला.
काच ओढली. बटण.
वाट बघणं नाहीच,
निळी रेघ, आणि तुकडा पायाशी.
गार झाल्यावर कडेवर नख फिरवलं,
खाली थोडा मळ. चालेल.

'मिस्टरांना विचारून येता?'
मी विचारलं, नोझल सुटं केवढ्याला?

विचारायचं आहे ते एकालाच,
खालच्या गिरणीवाल्या बिंदेश्वरीला.
त्याचा पट्टा फिरला की
अख्ख्या चाळीचं व्होल्टेज बसतं.

बाबा रे, तुझं शेवटचं दळण
किती वाजता?