एक हात वर

सागर विहारच्या कठड्यापाशी, पहाटे सव्वासहाला,
मिसेस ल्यू म्हणाल्या, "पहले पेट को सुनो."
ऐकलं.
गुरगुर होती, आणि छातीपर्यंत चढलेली आंबट भरती.
समोर खाडीला मात्र ओहोटी.

आजोबा कँटनचे, त्या माझगावच्या.
सेक्टर सतरात दातांचा दवाखाना होता, तो आता बंद.
"चाळीस वर्षं तोंडं बघितली," त्या हसतात,
"बिघाड सगळा खाली होता."
जठराला त्या कोठार म्हणतात. त्यांच्याकडचा जुना शब्द.
"कोठारातला कारकून थकला, की माल सडतो."

मी दचकलो.
तुर्भ्याच्या दाणाबाजारात तीस वर्षं
मी कोठारातलाच कारकून.

पाय खांद्याइतके रुंद. गुडघे सैल.
एक तळवा आभाळाकडे, जणू छत टेकलंय त्यावर,
दुसरा जमिनीकडे, जणू तापलेलं पोर झोपवायचंय.
मधे आपण, पिळून वाळत घातलेल्या पंचासारखे.
हळू.
"इतनी जल्दी किसको है?"
मला होती. जेवायचीसुद्धा होती:
डबा काट्याशेजारी उघडलेला,
घास आणि आकडा एकाच वेळी.

गुलाबी औषधाच्या बाटल्यांनी गॅलरी भरली,
बायकोने त्यांत मनीप्लांट लावले.
वाशीच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं,
म्हणाले, काही नाही, टेन्शन घेऊ नका.
जसं काही मी ते वाण्याकडून आणतो, पावशेर पावशेर.

गुडघ्याखाली चार बोटं, नडगीच्या बाहेरच्या अंगाला
एक खळगा असतो. तिथे अंगठा दाबायचा.
आधी दुखतं, मग बरं दुखतं.
आणि रात्री तांदूळ, भरपूर पाणी, आल्याचा तुकडा, मंद आच.
बायको मालवणची. झाकण उघडून म्हणाली,
"पेजच ती. त्यासाठी चीनाक कित्याक जावचा?"

सतराव्या दिवशी हात वर असताना
तो मला माझा वाटेना.
तो तातोबा कणसेचा होता.
पाठीवर गोणी, एक हात वर, तिचा कान धरलेला,
दुसरा मांडीवर दाबलेला, तोल जाऊ नये म्हणून.
वाकूनच विचारायचा, "किती भरली, भाऊसाहेब?"
पन्नास भरलेली असायची.
मी अठ्ठेचाळीस लिहायचो.
त्याची मजुरी वजनावर.
शेठ म्हणायचे, "पोटात ठेवा."

ठेवलं.

ढेकर आला. लांबलचक, गोदामाचं शटर वर जावं तसा.
पलीकडच्या दोन बायका तोंडावर पदर घेऊन हसल्या.
मिसेस ल्यू डोळे न उघडता म्हणाल्या, "अच्छा है."
चिखलात रोहित पक्षी माना खाली घालून गाळत होते,
घेण्याजोगं घेत, बाकीचं तिथल्या तिथे सोडत.

कणसे कोपरखैरण्याला राहतो. बसने वीस मिनिटं.
गेलो नाही अजून.
हिशेब मांडलाय: दिवसाच्या गोण्या, गुणिले दोन, गुणिले वर्षं.
कागद खिशात आहे, घामाने मऊ झालेला.
जळजळ कमी आहे. गेलेली नाही.

"कल दूसरी बाजू," मिसेस ल्यू चप्पल शोधत म्हणाल्या,
"बायाँ नीचे, दायाँ ऊपर."

मी उजव्या हाताने लिहायचो.