तिरंदाज गाव, रविवार

वन्सं अकोल्याहून आल्या त्या वहीत यादी घेऊनच.
राणीचा बाग, गेटवे, तारापोरवाला,
आणि सगळ्यात खाली, पेन्सिलीनं:
तुमच्या खिडकीतून दिसतं ते तळं.

सतरा वर्षं एकोणिसाव्या मजल्यावरून
पवईचं हे पाणी मी बघते आहे,
पडदे धुवायला काढते तेव्हा जरा जास्त.
खाली कधी उतरले नव्हते.
रस्ता आहे का, तेसुद्धा
वॉचमनला विचारावं लागलं.

होता. पंक्चरवाल्याला वळसा घालून,
एक क्रूस उजव्या हाताला ठेवून.
क्रुसाला झेंडूची माळ, ताजी.
वन्संनी चप्पल काढली, हात जोडले,
मग हळूच मला, "कुणाचा गं?"

गाव म्हणजे अडीच गल्ल्या.
एका ओट्यावर दोघी बायका
बिअरच्या बाटल्यांत मसाला ठासत होत्या,
लाकडी दांडक्यानं, शिंका आवरत.
आम्हीही शिंकलो. ओळख झाली.
"तिरंदाज कोण होता हो इथं?"
इस्त्रीवाला म्हणाला, मी जौनपूरचा.
गिरणीवाला म्हणाला, बाई, बसस्टॉपचं नाव आहे ते.
मसाल्यातली मोठी म्हणाली,
इनासला विचारा. खोटं सांगेल, पण सांगेल.

काठावर पाटी. तिच्यातला म उडालेला:
गरींपासून सावध.
आणि पाटीखालीच इनास कुटिन्हो
गरी टाकून बसलेला, पायाशी डालडाचा डबा.
"मासं वाचत न्हाईत ना," म्हणाला,
"नायतर माजा धंदा बसला असता."

मगर दाखवा, वन्संनी फर्मावलं.
मगर नव्हती. जलपर्णी होती,
थर्माकोलचं मखर होतं, अर्धं,
आणि एक बगळा, सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा.
मग इनासनं काठी उचलली
आणि पाण्यावरच गाव दाखवायला लागला.

"तिकरं, बगल्याच्या डावीकरं, आमची खाचरं.
तिकरं चिंच.
नि ते मखर हाय ना, तिकरं बावडी.
बांध घातला नि समदं खाली गेलं."
वन्सं वहीत उतरवून घेत होत्या:
खाचर. चिंच. विहीर.
पुढं बरोबरच्या खुणाही केल्या, पाहून झाल्याच्या.
"तुम्ही बघितलीत विहीर?"
"मी न्हाय. माज्या बापानं पन न्हाय.
पन जागा ठाव हाय."
आणि नेम धरून गरी बरोबर मखराशी टाकली.
"बावडीत मासं जास्ती."

तिरंदाजाचं विचारायचं राहूनच गेलं.

ऊन वाढलं. वन्संनी पाठीमागं वळून
डोळ्यांवर हात धरला,
"आता तुझी खिडकी दाखव."
मी मोजायला लागले, खालून.
अकरापर्यंत गेले, चुकले.
वरून मोजलं, टाकी धरून, तरी चुकले.
पडदे तर सकाळीच धुवायला काढलेले,
सगळ्या काचा सारख्याच, त्यात आकाश.

इनास काठी घेऊन वाट बघत होता.
"तिकरं?"
तिकडेच कुठंतरी, म्हटलं.

वन्संनी वही उघडली,
पेन्सिल जिभेला लावली,
आणि थांबल्या.