एक ओळ अलीकडे

कळमना, दुपारी दोन. कूलरातलं पाणी संपलंय.
खिडकीशी सुकदेव सहारे, तिसऱ्यांदा.
"बाई, माहं नाव तं दिसते ना त्याच्यात?"
दिसतं. बत्तिसावं, सगळ्यात खाली,
समोर तीनशे ऐंशी रुपये.
फक्त बेरजेत नाहीत.

डॉलरची चिन्हं जागेवर.
शीर्षकाची ओळ वजा केलेली.
'मजुरी' हे नाव मीच दिलं होतं त्या पट्ट्याला,
आंबिया बहारात, जरा फुशारकीनंच:
हमाल वाढले की हा आपोआप वाढेल,
शेठ, तुम्ही फक्त लिहीत जा.

नेम मॅनेजर उघडून सूत्रावर टिचकी मारली.
तुटक रेघ मुंग्यांसारखी चालू लागली
आकड्यांच्या कडेकडेनं,
आणि तीनशे ऐंशीच्या डोक्यावरूनच वळली.

मग वर सरकत गेले. सतरावी ओळ.
इथे दशरू उईके होता. मागच्या बुधवारी
ट्रकच्या फाळक्याखाली आला.
शेठनं नाव पुसलं, ओळ ठेवली.
त्यांना ओळ काढता येत नाही,
किंवा नसेल काढवली.
काउंटा नावं मोजतो,
रिकामं घर त्याला दिसत नाही.
मोजणीत एक कमी पडतो
आणि तुटतो शेवटचा.

उजवी टिचकी. डिलीटवर बोट थांबलं.
यादी मिटली.
सतराव्यात परत लिहिलं: दशरू उईके.
समोर शून्य.

मुंग्या एक घर खाली उतरल्या.
सुकदेवनं पैसे दोनदा मोजले,
"हाव, बराबर आहे जी," म्हणाला,
आणि कूलरसाठी बादली उचलून
नळाकडे गेला.